काका, तीच कॅसेट द्या!



सांगलीत १९८५ पासून २००८ पर्यंत माझी व्हिडिओ लायब्ररी होती. दहा बाय बाराचा गाळा, तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या, पुढे काउंटर आणि मागे पडद्याआड दोन व्हीसीआर. त्या पडद्यामागच्या व्हीसीआरपाशी मी शेवटी येणारच आहे, कारण तिथे माझी एक चूक आहे. आधी काउंटरवरचं सांगतो.

काउंटरवर येणारी मोठी माणसं विचारायची, ‘नवीन काय आलंय?’ आणि त्यांचं बोट धरून आलेली पोरं म्हणायची, ‘काका, तीच द्या!’ हिंदी सिनेमा कितीही गाजलेला असो, एका घरात तो एकदा जायचा, फार तर दोनदा. ‘जंगल बुक’ची कॅसेट मात्र एकाच घरी महिन्यातून चार-चार वेळा जायची. गावभागातले बँकेत असलेले एक गृहस्थ होते. त्यांनी एकदा माझ्या वहीतल्या नोंदी मोजल्या. मुलासाठी तीच कॅसेट एकतीस वेळा नेलेली. दिवसाचं भाडं दहा रुपये. म्हणाले, ‘अहो, एवढ्या पैशांत ती माझ्या मालकीचीच झाली असती की!’ मी हसलो आणि बत्तिसावी नोंद केली.

आज मला मुलांच्या ॲनिमेशनपटांबद्दल बोलायचं आहे, पण थिएटरातल्या नाही, घरात आलेल्या. या गृहस्थांनी उभ्या उभ्या केलेला हिशेब हॉलिवूडच्या बड्या कंपन्यांच्या लक्षात यायला किती वर्षं गेली, त्याचीच ही हकिगत आहे म्हणा ना.

वॉल्ट डिस्ने यांचा ‘स्नो व्हाइट’ २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. १९४४ मध्ये, ऐन युद्धात, तो पुन्हा थिएटरांत आणला तर पुन्हा चालला. यातून कंपनीला एक युक्ती सापडली. साधारण सात वर्षांत मुलांची नवी फळी तयार होते. तेव्हा जुना सिनेमा बाहेर काढायचा, नव्यासारखा दाखवायचा आणि परत कपाटात ठेवून कुलूप लावायचं. ‘बॅम्बी’ १९४२ चा. महायुद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद होती, म्हणून पहिल्या खेपेला तो तोट्यात गेला. मग १९४७, १९५७, १९६६, १९७५, १९८२ आणि १९८८ अशा फेऱ्या झाल्या आणि सगळं वसूल झालं. म्हणजे त्या काळच्या अमेरिकन मुलाला ‘बॅम्बी’ लहानपणी एकदा दिसायचा, नशिबात असेल तर दोनदा. आपल्याकडे जत्रेतला तंबू वर्षाने येतो, तसा हा सात-आठ वर्षांनी.

हौशी लोकांच्या घरी छोटे प्रोजेक्टर असत. कोडॅकने ८ मिलिमीटरची फिल्म १९३२ मध्ये आणली, सुपर एट १९६५ मध्ये. त्यावर डिस्नेची रिळंही विकत मिळत. पण ती पाच-दहा मिनिटांची, पुष्कळशी मुकी. अख्खा सिनेमा घरी न्यायची सोय नव्हती आणि कंपनीला ती करायचीही नव्हती. कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या हातात कोण देईल?

मग १९७५ मध्ये सोनीचं बीटामॅक्स आलं आणि पुढच्याच वर्षी जपानात जेव्हीसीचं व्हीएचएस. आता टीव्हीवर लागलेला कार्यक्रम कोणीही उचलून ठेवू शकत होता. १९७६ मध्ये युनिव्हर्सल आणि डिस्ने या दोन कंपन्यांनी मिळून सोनीवर खटला भरला. हे यंत्र विकणं म्हणजे चोरीला हातभार लावणं, असं त्यांचं म्हणणं. खटला आठ वर्षं चालला. त्यात साक्ष द्यायला फ्रेड रॉजर्स आले होते. अमेरिकन टीव्हीवर लहान मुलांचा कार्यक्रम करणारा अतिशय शांत आवाजाचा हा गृहस्थ. माझा कार्यक्रम घरच्यांनी टिपून ठेवला आणि सवडीने सगळ्यांनी मिळून पाहिला तर माझी काही हरकत नाही, अशा आशयाचं त्यांनी सांगितलं. १७ जानेवारी १९८४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला आणि निकालपत्रात रॉजर्स यांच्या साक्षीचा उल्लेख केला. एका न्यायाधीशाचं मत फिरलं असतं तर माझी लायब्ररी उघडण्याआधीच बंद झाली असती.

गंमत अशी, की खटला चालू असतानाच डिस्नेने स्वतःच्या कॅसेट काढायला सुरुवात केली होती. १९८० मध्ये पहिल्या काढल्या त्या साध्या चित्रपटांच्या आणि मिकी-डोनाल्डच्या लघुपटांच्या. मोठ्या ॲनिमेशनपटांना हात लावला नाही. १९८१ मध्ये भीत भीत ‘डंबो’ आणि ‘ॲलिस इन वंडरलँड’ काढले, कारण हे दोन्ही पूर्वी टीव्हीवर लागून गेलेले, म्हणजे कपाटाबाहेरचेच. १९८५ मध्ये ‘पिनोकियो’ आला तेव्हा कंपनीत त्यावर बरीच भवती न भवती झाली म्हणतात. किंमत होती ८० डॉलरच्या घरात. एवढी किंमत लायब्ररीवाल्यांसाठी ठेवलेली असते; आम्ही घ्यायची आणि भाड्याने फिरवायची. सामान्य घराला ती परवडत नाही. तेव्हा सगळा धंदा भाड्याचाच समजला जाई. एकदा पाहिलेला सिनेमा माणूस विकत कशाला घेईल?

मोठा माणूस घेत नाहीच. पण घरात चार वर्षांचं पोर असेल तर? ‘पिनोकियो’ची किंमत ३० डॉलरवर आणली आणि तो भराभर खपला. १९८६ मध्ये ‘स्लीपिंग ब्यूटी’ त्याच किमतीला आणला, तो दहा लाखांच्या वर गेला. १९८७ मध्ये ‘लेडी अँड द ट्रॅम्प’ तीस लाख, १९८८ मध्ये ‘सिंड्रेला’ सत्तर लाखांच्या वर. १९८९ मध्ये ‘बॅम्बी’. १९९२ मध्ये ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ने दोन कोटी ओलांडले आणि १९९५ मध्ये आलेला ‘लायन किंग’ तीन कोटींच्या आसपास गेला. व्हीएचएसवर त्याच्याइतकं दुसरं काही खपलं नाही. हा सगळा बाजार माझ्या बँकेतल्या गृहस्थांसारख्या बापांनी उभा केला. थिएटर आणि कॅसेट यांतलं अंतरही कमी झालं. ‘लिटल मर्मेड’ नोव्हेंबर १९८९ मध्ये पडद्यावर आला आणि मे १९९० मध्ये घरात. सात वर्षांचे सहा महिने झाले.

तरीही कपाटाचं कुलूप त्यांनी सोडलं नाही. कॅसेट थोडे दिवस विकायची, मग ‘आता मिळणार नाही’ म्हणून जाहिरात करायची. ‘फँटेजिया’ १९९१ मध्ये फक्त पन्नास दिवस विकायला ठेवला होता. आईबापांना वाटावं, आत्ता घेतला नाही तर पोराचं बालपण निघून जाईल. आमच्याकडे आंब्याच्या दिवसांत पेटीवाले असंच बोलतात.

पैसा आला म्हटल्यावर भांडणंही आली. गायिका पेगी ली यांनी ‘लेडी अँड द ट्रॅम्प’साठी गाणी लिहिली होती आणि त्यातल्या चार पात्रांना आवाज दिला होता. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या त्यांच्या करारात एक ओळ होती, की लोकांना विकण्यासाठी याच्या नकला काढायच्या झाल्या तर माझी परवानगी लागेल. करार १९५२ चा. व्हिडिओ कॅसेट ही वस्तू तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हती, त्या ओळीचा रोख ग्रामोफोनच्या तबकड्यांवर. पेगी ली यांनी १९८८ मध्ये दावा लावला आणि १९९१ मध्ये न्यायालयाने त्यांना २३ लाख डॉलर देवविले. आपल्याकडच्या जुन्या कलाकारांचे करार कोणी इतके नीट जपून ठेवले असतील का, असं मला नेहमी वाटतं.

कॅसेट विकत गेली म्हणजे ती घरी शंभर वेळा लागणार, हे आलंच. आणि शंभर वेळा पाहणाऱ्याच्या नजरेतून काही सुटत नाही. माझ्या दुकानात परत आलेल्या कॅसेटवरून मी ओळखायचो, कोणतं गाणं मुलांना आवडतं. तेवढ्याच भागात फीत झिजलेली असायची, पडद्यावर मुंग्या यायच्या आणि आवाज थरथरायचा. मोठ्यांचीही नजर बारीक झाली. ‘द रेस्क्यूअर्स’ हा १९७७ चा उंदरांचा गोड सिनेमा. १९९९ च्या जानेवारीत डिस्नेने त्याच्या ३४ लाख कॅसेट परत मागवल्या. का, तर एका दृश्यात मागे धावत्या खिडक्यांमध्ये दोन फ्रेममध्ये एका उघड्या बाईचं चित्र होतं. कोणी तरी बावीस वर्षांपूर्वी केलेला चावटपणा. सेकंदाला चोवीस फ्रेम जातात, त्यांतल्या दोन. थिएटरात ते दिसणं शक्यच नव्हतं. घरात पॉजचं बटण होतं.

आणखी एक गोष्ट मला त्या काळात ठाऊक नव्हती, नंतर कळली. ‘अलादीन’ १९९२ मध्ये थिएटरात आला तेव्हा त्याच्या पहिल्या गाण्यात अरबांची बदनामी करणारी एक ओळ होती. अमेरिकेतल्या अरब संघटनांनी आक्षेप घेतला. १९९३ मध्ये कॅसेट निघाली ती ओळ बदलूनच. योग्यच केलं. पण म्हणजे थिएटरातला ‘अलादीन’ आणि घरातला ‘अलादीन’ हे दोन झाले. ‘लायन किंग’चंही तसंच. २००२ मध्ये तो मोठ्या आयमॅक्स पडद्यावर आणताना एका गाण्यातल्या मगरी नव्याने काढल्या. पुढच्या वर्षी डीव्हीडी आली, तिच्यावर मूळ आवृत्ती म्हणून जी निवड दिली होती तिच्यातही नव्याच मगरी निघाल्या. चाहत्यांनी जुनी कॅसेट लावून शेजारी शेजारी पाहिलं म्हणून कळलं.

आता आपल्याकडचं. इथे मला जरा खालच्या आवाजात बोललं पाहिजे. १९८२ च्या एशियाडला रंगीत टीव्ही आला आणि मागोमाग आखातातून येणाऱ्यांच्या सामानात व्हीसीआर आले. लायब्रऱ्या निघाल्या. आमच्या फळ्यांवर निम्म्याहून अधिक माल कॉपीचा असायचा, हे आता लपवून काय करू? मुलांच्या इंग्रजी सिनेमांचा तर सगळाच. अमेरिकेतून कोणाच्या तरी भाच्याने आणलेली कॅसेट असे, तीही एनटीएससी पद्धतीची, ५२५ रेषांची. आपलं पाल, ६२५ रेषांचं. मुंबईत कोणी तरी ती पालमध्ये उतरवायचा, तिची कॉपी पुण्याला, पुण्याच्या कॉपीची कॉपी सांगलीला. दर कॉपीला रंग उतरायचे. लाल रंग तर कडेने सांडल्यासारखा दिसे. गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारायचं, ‘प्रिंट कशी आहे?’ आणि आम्ही ठोकून सांगायचो, ‘मास्टर आहे!’ आमच्या तालुक्यातल्या एका पिढीने मोगलीला लालसर धुक्यातच पाहिलंय.

या ‘बॅम्बी’चा आणि आपल्या मुंबईचा एक सरळ धागा आहे, तो सांगायचा मोह होतो. क्लेअर वीक्स नावाचे एक गृहस्थ डिस्नेकडे कामाला होते, त्यांनी ‘बॅम्बी’वरही काम केलेलं. मिशनरी आईवडिलांचा हा मुलगा भारतातच जन्मलेला. १९५६ मध्ये ते मुंबईत फिल्म्स डिव्हिजनला आले आणि त्यांनी आपल्या तरुण चित्रकारांना ॲनिमेशन शिकवलं. १९५७ मधला ‘द बनियन डिअर’ हा त्यातून झालेला लघुपट, जातककथेतल्या हरणाचा. त्या शिष्यांतले राम मोहन पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणून ओळखले गेले. युगो साको या जपानी निर्मात्याबरोबर त्यांनी रामायणावर पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट केला. १९९३ च्या जानेवारीत दिल्लीच्या चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला, थिएटरांत मात्र नीट पोहोचलाच नाही. तो पोहोचला टीव्हीवरून आणि डिस्कवरून. हिंदीत रामाला अरुण गोविल यांचा आवाज होता, रावणाला अमरीश पुरींचा. त्यावर एक पिढी वाढली आणि २४ जानेवारी २०२५ ला तो नव्याने उजळून देशभरच्या थिएटरांत लागला. घरात पाहून मोठे झालेले लोक आपल्या मुलांना घेऊन थिएटरात गेले. राम मोहन मात्र ते पाहायला राहिले नव्हते, ते २०१९ मध्ये गेले.

आता पडद्यामागचे दोन व्हीसीआर.

१९९१ साली माझी धाकटी बहीण गेली. कावीळ वाढत गेली आणि पंधरा दिवसांत सगळं संपलं. तिची मुलगी पाच वर्षांची. मेहुण्यांची नोकरी फिरतीची, म्हणून भाची आमच्याकडे राहायला आली. शाळा सुटली की गाळ्यात माझ्याशेजारी स्टुलावर बसायची. फारसं बोलत नसे. एक दिवस फळीवर बोट दाखवून म्हणाली, ‘मामा, ती हरणाची लाव.’

मी कॅसेट काढली आणि हातातच धरून उभा राहिलो. ज्यांनी ‘बॅम्बी’ पाहिला असेल त्यांना कळलं असेल. पाडसाची आई शिकाऱ्याच्या गोळीने मरते. पडद्यावर दिसत काहीच नाही. दोघं जिवाच्या आकांताने पळतात, बार ऐकू येतो, मग पडत्या बर्फात पाडस आईला शोधत फिरतं आणि मोठ्या शिंगांचा नर समोर येऊन त्याला सांगतो, की आता तुझी आई येणार नाही. ‘उद्या लावतो गं’, असं मी तिला सांगितलं.

त्या रात्री शटर ओढून घेतल्यावर दोन्ही व्हीसीआर वायरीने जोडले. एकात ती कॅसेट, दुसऱ्यात कोरी. आई आणि पाडस बर्फातून वर आलेलं पहिलं गवत खातात तिथे रेकॉर्डिंग थांबवलं. तीनेक मिनिटं पुढे जाऊ दिली. वसंत ऋतूतली पाखरं गायला लागली तिथे पुन्हा सुरू केलं. जोडाच्या जागी एक पांढरी रेघ वरून खाली सरकायची, एवढंच. हिला दाखवलं, हिलाही पटलं. खरं सांगायचं तर मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. भाचीने ती कॅसेट किती वेळा पाहिली याची नोंद वहीत नाही, घरचीच होती. पण दोन-अडीच वर्षं, जवळजवळ रोज. मी म्हणायचो, पोरीला विरंगुळा आहे.

दुकानाची पुढची कथा थोडक्यात. डीव्हीडी जपानात १९९६ च्या नोव्हेंबरात आली, अमेरिकेत १९९७ मध्ये. तिच्याआधी आपल्याकडे व्हीसीडीने जम बसवला. अमेरिकेत ती कोणी फारशी पाहिली नाही, आशियात मात्र गल्लोगल्ली. एका तबकडीत ७४ मिनिटं मावायची, म्हणून सिनेमा दोन तबकड्यांत. मध्यंतराला उठून तबकडी बदलायची. मुलांना तेही काम आवडायचं. रिवाइंडची कटकट गेली, आणि तबकडी झिजत नाही म्हटल्यावर कोणत्या घरात काय आवडतं ते मला कळेनासं झालं.

तिकडे चित्रपटच संगणकावर तयार होऊ लागले होते. पिक्सारच्या ‘अ बग्ज लाइफ’ची १९९९ ची डीव्हीडी मधे फिल्म न आणता थेट संगणकातून उतरवलेली होती, अशी पहिलीच. व्हीएचएसच्या चौकोनी पडद्यासाठी त्यांनी चित्राच्या कडा नुसत्या छाटल्या नाहीत, काही ठिकाणी मुंग्यांनाच सरकून जवळ जवळ उभं केलं. ‘टॉय स्टोरी २’ मुळात थेट कॅसेटवर काढायचा सिनेमा होता, कारण १९९४ मध्ये ‘अलादीन’चा पुढचा भाग ‘रिटर्न ऑफ जाफर’ थेट कॅसेटवर काढून डिस्नेने कमी खर्चात भरपूर कमावलं होतं. मग तो थिएटरसाठी मोठा केला. त्याचं काम चालू असताना १९९८ मध्ये कोणाच्या तरी हातून चुकीची आज्ञा गेली आणि संगणकातला बहुतेक सिनेमा पुसला गेला. राखीव नक्कलही बिघडलेली निघाली. त्यांच्यातली एक बाई बाळंतपणामुळे घरून काम करत होती, तिच्या घरच्या संगणकात प्रत होती. ती शालीत गुंडाळून, गाडीत मागच्या सीटवर ठेवून आणली म्हणे. घरातली प्रत कधी कामाला येईल सांगता येत नाही.

२००३ मध्ये ‘फाइंडिंग निमो’ची डीव्हीडी चार कोटींच्या आसपास खपली आणि लाट तिथे शिगेला पोहोचली. ‘श्रेक २’च्या तबकड्या २००५ मध्ये दुकानांतून मोठ्या संख्येने परत आल्या. आपल्याकडे २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. अस्सल, छापील वेष्टनातली. तीन दिवसांच्या भाड्यात सिनेमा घरचा. बँकेतल्या गृहस्थांचा हिशेब अखेर जुळला आणि मी पुढच्या वर्षी गाळा सोडला. त्या कंपनीचंही २०१८ मध्ये दिवाळं वाजलं. जुलै २०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणं थांबवलं, जगातलं ते शेवटचं.

पुढे ब्लू-रे आली, जुने सिनेमे धुऊन-पुसून निघाले. काही जरा जास्तच. २०१२ मध्ये ‘सिंड्रेला’ची ब्लू-रे आली, तिच्यात फिल्मचा रवा काढता काढता चित्रकारांच्या पेन्सिलच्या बारीक रेघाही गेल्या, अशी जाणकारांची ओरड झाली. २०२३ मध्ये पुन्हा नव्याने काम केलं तेव्हा त्या रेघा परत दिसल्या. मूळ निगेटिव्ह सांभाळलेली होती म्हणून हे जमलं.

आणि आता सगळं फोनवर. डिस्नेची सेवा अमेरिकेत १२ नोव्हेंबर २०१९ ला सुरू झाली, भारतात हॉटस्टारबरोबर ३ एप्रिल २०२० ला, ऐन टाळेबंदीत. फेब्रुवारी २०२५ पासून ती जिओहॉटस्टार झाली. सात वर्षांचं कुलूप गेलं, महिन्याच्या वर्गणीत सगळं कपाट उघडं. माझी तक्रार नाही. पण ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत ‘इन्फिनिटी ट्रेन’ ही मुलांची फार चांगली ॲनिमेशन मालिका तिथल्या एचबीओ मॅक्सवरून रातोरात काढून टाकली. तिच्या चारांपैकी पहिल्या दोनच भागांच्या डीव्हीडी निघाल्या होत्या. त्या ज्यांच्या घरी आहेत, त्यांच्याकडे निदान तेवढं आहे.

त्याच टाळेबंदीत एका रात्री भाचीचा पुण्याहून फोन आला. तिचा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा.

‘मामा, आज बॅम्बी लावला होता.’

मी नुसतं ‘हं’ म्हटलं.

‘माझ्या कॅसेटमध्ये गोळीचा आवाज नव्हता.’

मग मी सांगितलं सगळं. शटर, वायरी, पॉजचं बटण. ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं लाइन तुटली.

‘म्हणजे आई येणार नाही, हे सिनेमात सांगितलेलं होतं?’

‘होतं.’

‘मला वाटायचं, माझं लक्ष नसताना ती कुठे तरी येऊन जात असेल. गवत खाताना असते, मग पांढरी रेघ येते, आणि मग नसतेच. म्हणून मी परत परत लावायचे. त्या रेघेपाशी डोळे फाडून बघायचे.’

मला काही बोलता येईना. थोड्या वेळाने विचारलं, ‘आणि तुझ्या पोराने पाहिलं?’

‘पाहिलं. रडला. मग म्हणाला, आजीसारखंच का? मी हो म्हटलं. मग म्हणाला, आता पुढे चालू कर.’

फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, ती कॅसेट आहे का. आहे. टाकू नकोस, मला हवीय, म्हणाली. टाकलेली नाही. गेल्या पावसाळ्यानंतर उघडून पाहिली, फितीच्या कडेला बुरशीचे पांढरे ठिपके आलेत. माझे दोन्ही व्हीसीआर भंगारात गेले. मिरजेत एक जण अजून जुनी यंत्रं दुरुस्त करतो असं कळल्यावर परवा त्याच्याकडे जाऊन आलो. आतले रबरी पट्टे मिळाले तर दिवाळीपर्यंत एक चालू करून देतो म्हणालाय.